हात पसरून

घरामागच्या आमच्या रनर बदकांना उडता येत नाही. जरा काही झालं की माना ताठ करून ती नुसती पळत सुटतात. लग्न होऊन आले तेव्हा संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालताना माझ्या नाकी नऊ यायचे. एकाला धरायला गेलं की बाकीची सैरावैरा. शेवटी सासऱ्यांनी शिकवलं, “धरायचंच नाही. हात पसरायचे आणि मागून सावकाश चालायचं. जातात आपली आपण घरी.”

अलीकडे दिवेलागणीला सासऱ्यांचाच घरात पाय ठरत नाही. “निघतो आता, घरी वाट बघत असतील,” म्हणत स्वतःच्याच घरातून बाहेर पडतात. आज तर थेट हमरस्ता गाठला. नवऱ्याने धावत जाऊन मनगट पकडलं, तर हिसडा देऊन गाड्यांकडेच निघाले.

“अहो, धरू नका त्यांना!” मी म्हटलं. गाड्यांच्या बाजूला जाऊन मी दोन्ही हात पसरले आणि सावकाश चालू लागले. सासरे वळले. गल्ली आली, फाटक आलं, अंगण आलं.

उंबऱ्याशी थबकून, मागे न बघताच ते म्हणाले, “हात थोडे खाली घे, सूनबाई. बिचकायला होतं.”