पन्नासची वीज

व्हिडिओ अवघा चौदा सेकंदांचा होता. देवरावांनी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्या वेळी मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला.

त्यात त्यांचा मुलगा अमरदीप खुर्चीत बसला होता. ओठ फुटलेला. "बाबा, हे सांगतात तसं करा," एवढंच तो म्हणत होता. अमरदीप त्यांचा एकुलता एक, डॅलसला नोकरीत.

लगोलग अनोळखी नंबरावरून फोन आला. "चाचा, वो रिकार्डिंग मिटा देव. पुलिस को दिये तो बच्चे को भूल जाव."

कसलं रिकार्डिंग, हे विचारायची गरज नव्हती. सोमवारी हैदराबादच्या सुलतान बाजारात, त्यांच्या दुकानासमोर, बांगड्या विकणाऱ्या सत्तारला दोघांनी भोसकलं होतं. बघणारे शंभर होते, पण पोलीस आल्यावर सगळे आंधळे झाले. दुकानाच्या कॅमेऱ्यात मात्र दोघांचे चेहरे लख्ख आले होते. ते रिकार्डिंग न्यायला सब-इन्स्पेक्टर आज चार वाजता येणार होता.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी केसरबाईंनी व्हिडिओ पाहिला आणि आधी लेकाला फोन लावला. अमरदीपचा फोन बंद. सून रेणुकाचा वाजत राहिला, पण ती उचलेना. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते.

"पुसून टाका हो," केसरबाई म्हणाल्या. "सत्तार तर गेला बिचारा. आपलं लेकरू राहू द्या."

देवरावांची पाचावर धारण बसली होती. पुसायला ते कम्प्युटरपुढे बसलेही. पण लेकाचं तोंड एकदा मोठं बघावं म्हणून त्यांनी तो व्हिडिओ आधी मोठ्या पडद्यावर लावला आणि त्यांचा हात थांबला.

अमरदीपच्या चेहऱ्यावरून काळसर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत होते.

देवरावांची हयात परदेशी टेपा इथल्या टीव्हीवर चालवून देण्यात गेली होती. तिकडची पद्धत एनटीएससी, इथली पॅल. तिकडची वीज सेकंदाला साठ ठेक्यांची, आपली पन्नास; दिवे त्याच ठेक्यावर लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचा ठेका जुळला नाही की चित्रात दिसतं. अमेरिकेच्या मापाचा कॅमेरा आणून कुणी बरकतपुऱ्यातल्या हॉलात, ट्यूबलाइटखाली लग्न शूट केलं की चित्रावर हमखास असे पट्टे येतात. ते घालवण्यावरच तर त्यांचं घर चाललं होतं.

"केसर, हे अमेरिकेतलं नाहीच," ते म्हणाले. "पट्टे बघ. खरं वाटावं म्हणून कॅमेरा तिकडच्या मापाचा लावला शहाण्यांनी, पण दिवा आपल्याकडचा. इथंच कुठं तरी बनवलंय हे."

"तोंड तर आपल्या अमरचंच आहे ना?"

"आजकाल कम्प्युटर कुणाचंही तोंड कुणालाही लावतो. आवाजसुद्धा. पण नकलेला अक्कल लागते."

"आणि फोन बंद कशाला?"

"झोपला असेल. रात्र आहे तिकडं."

"नक्की ना? पोटचा गोळा आहे हो तो."

"चाळीस वर्षं दुसरं काय केलंय मी?" देवराव म्हणाले. तोंडाने म्हणाले खरं, पण भीती काही हटली नाही. दुकानापुढे कुणी जरा रेंगाळला तरी ते उठून दारापर्यंत जात. डबा तसाच पडून राहिला. त्या तीन तासांत त्यांनी पट्टे वीस वेळा तरी तपासले, आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

चार वाजता सब-इन्स्पेक्टर आला. देवरावांनी धमकीचं सगळं सांगितलं आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"डर नै लगा, चाचा?"

"हौ, बहुत लगा."

कागदावर सही झाली. त्याची मोटारसायकल गर्दीत दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे देवरावांच्या जिवात जीव आला. सत्तारच्या बायकोला आता तोंड दाखवता येईल, असं त्यांना वाटलं. केसरबाईंनी डबा उघडून भाकरी मोडली.

तेवढ्यात रेणुकाचा फोन आला. केसरबाईंनाही ऐकू यावं म्हणून देवरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, सॉरी, फोन सायलेंटवर होता. इतके मिस्ड कॉल? म्हणजे अमर पोचला वाटतं घरी. हैदराबादला उतरलो एवढा मेसेज आला त्याचा, त्याच्या अमेरिकेतल्या फोनवरून, मग तो फोनच लागेना. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं त्याला, म्हणून मी गप्प होते. द्या ना त्याला जरा फोन."