हवेशीर हेडफोन

"बातमी मी नाही फोडली, साहेब. तुम्ही फोडलीत."

टाइपबाई हे उभ्यानेच बोलल्या. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. टेबलापलीकडे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी खरेदीचे साहेब. मध्ये एक कागद. त्यावर बाईंची सही तेवढी बाकी होती. सही झाली की बावीस वर्षांची नोकरी गेली.

आरोप सरळ होता. सोमवारी बंद दाराआड बैठक झाली. पॅकिंगची खोली बंद करून सतरा माणसांना घरी पाठवायचं ठरलं. बैठकीचं रेकॉर्डिंग टाइप करायला एकट्या बाईंकडे आलं. बुधवारी सतराच्या सतरा माणसं साहेबांच्या दारात हजर. मग बोललं कोण? साहेब लोकांचं डोकं असंच चालतं. त्यांच्या मते तोंड फक्त खालच्या माणसाला असतं.

बाईंनी पिशवीतून चार अर्ज काढून टेबलावर ठेवले. दोन वर्षांत चार वेळा त्यांनी लिहून दिलं होतं, दिलेल्या हेडफोनमधून आवाज बाहेर जातो, मला कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले द्या. खरेदी समितीत तिघं जण. त्यातल्या एकानेही जन्मात हेडफोन लावून पानभर टाइप केलेलं नाही. त्यांनी आधीच पाठीला जाळी असलेले आणले होते. का, तर कानाला वारा लागतो. चारही अर्जांवर खरेदी साहेबांच्या हातचा एकच शेरा होता, 'सध्याचे हवेशीर आहेत.' तेव्हापासून अख्खा मजला त्यांना हवेशीर साहेबच म्हणायचा. तोंडावर नाही, एवढंच.

जाळीतून असा कितीसा आवाज जाणार, असं हवेशीर साहेबांचं म्हणणं पडलं. बाई म्हणाल्या, चला, दाखवते.

मजल्यावर वीस टेबलं, सहा पंखे आणि कोपऱ्यात खडखडणारा प्रिंटर. बाईंनी मोठ्या साहेबांना शेजारच्या टेबलाशी बसवलं, हेडफोन चढवले आणि पायाखालचं पेडल दाबलं. पेडल पुढे दाबलं की रेकॉर्डिंग चालतं, टाचेने दाबलं की मागे जातं. शब्द कळला नाही तर मागे जायचं, आवाज वाढवायचा, पुन्हा ऐकायचं. आता साहेबांची खोड अशी, की साधी गोष्ट ते ओरडून सांगतात आणि लपवायची असली की पुटपुटतात. म्हणजे जे गुपित, तेच बाईंना चार-चारदा ऐकावं लागायचं. तेही सगळ्यात मोठ्या आवाजात.

मोठ्या साहेबांनी दोन हातांवरून स्वतःचा आवाज ऐकला. पॅकिंगची खोली, आणि पुढे पुटपुट. बाईंनी टाच दाबली. पॅकिंगची खोली, पुन्हा पुटपुट. बाईंनी आवाज वाढवला.

समोरच्या टेबलावरचे जावकवाले पाकिटं चिकटवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "महिनाअखेर म्हणतायत, ताई. महिनाअखेर बंद."

ज्या जाळीतून साहेब बाहेर जात, त्याच जाळीतून जावकवाले आत येत. बाईंनी 'महिनाअखेर' टाइप केलं.

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मजल्यावरची वीस डोकी आता उघड उघड बघत होती. साहेबांनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा हुकूम सोडला, बाईंना चांगले बंद हेडफोन आत्ताच्या आत्ता आणा. खालचा दुकानदार तीन खोकी घेऊन स्वतः वर आला.

पहिला हलका, कानावर नुसता टेकणारा. साहेबांनी विचारलं, ऐकू येतंय का? मजला म्हणाला, येतंय. दुसरा गुबगुबीत गादीचा. हवेशीर साहेबांनी तो पसंतही करून टाकला होता, पण पाठीला बघावं तर पुन्हा जाळीच. मजल्याने वाक्यच्या वाक्य म्हणून दाखवलं. तिसरा काळा, जड, मागून गच्च बंद. तो डोक्यावर बसताच बाईंच्या कानातले सहाही पंखे गेले, प्रिंटर गेला. त्यांनी पेडल दाबलं.

मजला गप्प. साहेबांनी दोनदा विचारलं. जावकवाल्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खाली घातली. आता त्यांना कशाचा पत्ता लागणार नव्हता, आणि ही सोय ताईंनीच अर्ज करकरून बंद करवून घेतली होती.

साहेब खूश झाले. वस्तू कशी पारखून घ्यावी हे ते हवेशीर साहेबांना समजावू लागले. बाईंचा पाय पेडलवरच राहिला होता. रेकॉर्डिंग पुढे चाललं होतं. बैठक संपल्याचं जाहीर झालं. याच्यापुढे बाईंनी कधी ऐकलं नव्हतं, कारण पुढे नुसती घरघर असायची. आज घरघर नव्हती. ती रेकॉर्डिंगमध्ये कधी नव्हतीच, मजल्यावरच्या पंख्यांची होती. खुर्च्या सरकल्या. दार लागलं. मग साहेबांची पुटपुट आली, अक्षर न् अक्षर स्वच्छ. सतरा कशाला, अठरा करा. त्या टाइपवाल्या बाईंनाही घ्या. त्यांचं काम आता मशीन करेल. कारण काहीतरी शोधू.

बाईंनी मान वर केली. चारचौघांत शोभा नको म्हणून त्यांनी साहेबांना अगदी हळू आवाजात विचारलं. निदान त्यांना तसं वाटलं. मागून बंद हेडफोन कानावर असले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मजल्याच्या पार त्या टोकाला कोणीतरी प्रिंटर बंद केला. जावकवाले उठले. त्यांच्यामागे एकेक करून सगळी टेबलं उठली.

"साहेब, मला काढायचं सोमवारीच ठरलं होतं ना? मग आजची चौकशी कसली होती, ते सांगा."