पाच शब्दांची चोरी

"हे बघ," म्हणत तिने संगणकाचा पडदा मामाकडे फिरवला. "'वाट पाहून खुर्चीच म्हातारी झाली.' भाषा दुसरी, पण शब्द न् शब्द हाच. आणि हे छापलंय तुझ्या पुस्तकाच्या कितीतरी वर्षं आधी."

मामाने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. ती लिपी त्याला वाचता येत नव्हती, तरी तो बराच वेळ बघत राहिला. टेबलापलीकडे प्रकाशनाचे मालक पेपरवेट फिरवत बसले होते. मामाने तरुणपणी एकच कथासंग्रह काढला होता आणि त्याला तेव्हा कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. मालक तो आता नव्याने छापणार होते. मुखपृष्ठसुद्धा तयार होतं.

"असेल," मामा म्हणाला. "कधीतरी ऐकलं असेल, विसरलो असेन. खरं सांगू? ते वाक्य सुचलं तेव्हाच मला शंका आली होती. इतकं चांगलं आपल्याला कुठून सुचायला!"

मालकांनी छपाई थांबवत असल्याचं सांगितलं. मामाने आपले कागद पिशवीत भरले. दारात पोचल्यावर तो वळला.

"बाकीचं तरी माझं आहे ना गं?"

"ते तपासावं लागेल," ती म्हणाली.

कचेरीत तिला सगळे 'चाळणी' म्हणायचे. तिला चार भाषा येत होत्या. हस्तलिखित आलं की त्यातल्या पाच-सहा शब्दांचे तुकडे उचलायचे, आपल्याला येणाऱ्या भाषांत फिरवायचे आणि जुन्या पुस्तकांच्या संगणकी भांडारात शोधायला टाकायचे, हे तिचं काम. कुठे जुळलं की पडद्यावर त्या पानाची दोन ओळींची पट्टी यायची आणि शेजारी साल. एवढ्या भांडवलावर तिने भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलं होतं. आता तर सख्ख्या मामालाही सोडलं नाही, म्हणून मालकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं. "माझा भाऊ गबाळा आहे, चोर नाही," एवढंच म्हणाली आणि भांडी आपटत राहिली.

पुढे एका दुपारी शेजारच्या टेबलावरचे सहसंपादक हसत हसत तिच्याकडे आले. त्यांना भांडारात विमान अपघाताचं वर्णन सापडलं होतं, आणि शेजारी साल होतं विमानाचा शोध लागायच्याही आधीचं.

"अहो, मासिक असणार ते," ती मान वर न करताच म्हणाली. "मासिक असलं की हे भांडारवाले त्याच्या प्रत्येक अंकाला पहिल्याच अंकाचं साल चिकटवतात. पट्टीवर विसंबायचं नसतं. पान उघडून बघायचं."

बोलता बोलता ती थांबली. मामाचं पान तिने उघडलं नव्हतं.

पान उघडून बघायला कचेरीत नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तीच शिकवायची. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता आपल्या डोळ्यातलं मुसळ राहून जातं, ते असं. विसरली म्हणावं तर तेही खरं नव्हतं. तिला घाई झाली होती. 'मामाचं पुस्तक म्हणून डोळेझाक केली' असं कुणी म्हणायच्या आत तिला आपला ताठ कणा दाखवायचा होता.

तिने पान उघडलं. ते मासिकच होतं, आणि तो अंक मामाच्या पुस्तकानंतरचा होता. ती मागे मागे जात कथेच्या सुरुवातीला पोचली. शीर्षकाखाली मामाचं नाव होतं, पूर्ण नाव, आणि त्याखाली अनुवाद करणाऱ्याचं. कुणीच काही चोरलं नव्हतं. कुणीतरी मामाची कथा मन लावून आपल्या भाषेत नेली होती, फक्त ते मामाला कळवायचं राहून गेलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने आधी मालकांना सगळं सांगितलं. पुस्तक पुन्हा छपाईला घ्यायचं ठरलं. मग त्या कथेची पानं छापून घेऊन ती मामाकडे निघाली. वाटेत तिने माफीची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. मामा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. तिने खाली मान घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझीच, मी पान उघडलं नाही, मला माफ कर.

मामाला माफीबिफी काही ऐकूच गेली नाही.

"म्हणजे तिकडे कुणीतरी वाचली?" ओला सदरा हातात तसाच धरून त्याने विचारलं. "सगळी? शेवटपर्यंत?"

"सगळी, मामा."

"अगं ए, ऐकलंस का!" तो मामीला हाका मारत आत धावला. मग भाचीला खुर्चीत बसवलं. ती कथा त्या भाषेत वाचून दाखव म्हणाला, अर्थ कळला नाही तरी चालेल. आणि ओळीला ओळ लावून बघता यावी म्हणून कपाटातून आपली जुनी प्रत काढून त्याने तिच्या मांडीवर ठेवली.

तिने ती उघडली. खुर्चीचं वाक्य शाईने खोडून काळं केलेलं होतं. पण तेवढ्यावर भागलं नव्हतं. पुढच्या कथांत, पानापानावर, समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं काढलेली होती.

"मामा, ही कसली रे?"

मामा ओशाळला. सदऱ्याचं पाणी फरशीवर गळत होतं.

"अगं, तू म्हणाली होतीस ना, बाकीचं तपासावं लागेल म्हणून. म्हटलं, तुझं काम जरा हलकं करावं. जी जी वाक्यं चांगली वाटली, तेवढ्यांना खुणा करून ठेवल्यात."