खोलीत फक्त खरं

"त्या पोराचं खेळावर प्रेमच नाही," ऑर्विल टॅकेट म्हणाला, आणि टेबलाभोवतीची कुजबुज थांबली.

कोच रॅडिचनं हातातलं सँडविच खाली ठेवलं. "कुणाचं? जेरिको मेफील्डचं? अहो, अख्खं ओहायो त्याच्या नावानं नाचतंय!"

"नाचू दे. मी त्याला शाळेपासून बघतोय."

तेवढं मात्र खरं होतं. टोलेडोच्या बास्केटबॉल संघासाठी पोरं हेरता हेरता ऑर्विलचं आयुष्य बाकांवर गेलं होतं. जेरिको त्याला पहिल्यांदा दिसला तो एका गळक्या छपराच्या शाळेत. पोरगा उडी घ्यायचा तेव्हा वाटायचं, आईनं लेकरू कुणाच्या कडेवर द्यावं तसं जमिनीनंच त्याला हलकेच वर दिलंय.

खोलीला खिडकी नव्हती. दार लावलेलं. सगळ्यांचे फोन पॉपकॉर्नच्या बादलीत, कपाटावर. गेल्या वर्षी नवे खेळाडू निवडताना बफेलोच्या संघाची पाळी टोलेडोच्या आधी होती, आणि टोलेडोला हवा होता नेमका तोच खेळाडू त्यांनी उचलला. सगळे नशिबाला बोल लावून मोकळे झाले. बादली मात्र तेव्हापासून आली. यंदाही बफेलोची पाळी आधी होती.

भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. न्यूयॉर्कच्या मंचासमोर नव्या कोऱ्या सुटातली पोरं आयाबापांना घेऊन बसली होती. संघ पाळीपाळीनं नाव घेणार. जो घेईल त्याच्या गावी पोरानं जायचं. पोराला कुणी विचारत नाही.

टेबलाच्या टोकाला ग्रेडी वॉलन होता, संघाचा कर्ताधर्ता. त्याचा एकच नियम. "बाहेर हव्या तेवढ्या थापा मारा. या खोलीत फक्त खरं."

बाहेर थापा मारायला त्याला शिकवलं होतं ऑर्विलनंच. एकदा हॉटेलात नाश्त्याला, शेजारच्या टेबलावर दुसऱ्या संघांची माणसं बसलेली असताना, ऑर्विल मुद्दाम मोठ्यानं म्हणाला होता, "कॉर्डेल पाईक? खांब आहे तो. कपडे वाळत घालायला बरा." त्यांनी कॉर्डेलला वगळलं आणि तो टोलेडोला मिळाला. दर नाताळच्या जेवणात ग्रेडी ही गोष्ट डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून सांगायचा.

ऑर्विल आता त्या गोष्टीला हसत नसे. कॉर्डेलला नाही म्हणता यायचं नाही. घोटा सुजला की संघाचा डॉक्टर प्रुइट कळ मारायची सुई टोचायचा, रॅडिच मैदानात ढकलायचा. पुन्हा सूज, पुन्हा सुई. आता तो आईच्या घरी राहतो. वसंतात ऑर्विल भेटायला गेला तेव्हा कॉर्डेल जिना बसून उतरत होता, रांगतं मूल उतरतं तसा.

जेरिकोलाही नाही म्हणता येत नव्हतं.

बफेलोनं त्याला न्यावं. तिथला कोच पोरगं लंगडलं की स्वतः हात धरून बाहेर बसवतो. बफेलो नाही तर आणखी कुणीही. फक्त इथं नको. पण डॉक्टरचं नाव काढलं तर ही माणसं ऑर्विलला दाराबाहेर काढतील आणि जेरिकोलाच उचलतील. मग उरलं काय? पोराला नावं ठेवणं.

"संघ हरायला लागला की टॉवेलाखाली तोंड लपवतो," तो म्हणाला. टॉवेलाखाली दात रोवून कळ सोसणारा आणि पुन्हा पळत मैदानात जाणारा जेरिको त्यानं पाहिला होता.

"म्हाताऱ्या, चष्मा बदल!" रॅडिच उसळला. "असा पोरगा मला द्या, मी रात्रंदिवस पळवतो त्याला."

"पळेल की. पळून घरी जाईल."

कुणीतरी हसलं. डॉक्टर प्रुइट कॉफीचा जग घेऊन उठला. तो दाराशी पोचला तोच ग्रेडी म्हणाला, "पुन्हा सांग, ऑर्विल. सगळ्यांना नीट ऐकू येऊ दे."

प्रुइट थांबला.

"सराव चुकवतो. मला स्वतः म्हणाला, एकदा नाव झालं की चेंडूला हात लावायचा नाही. ज्याला घ्यायचाय त्यानं घ्यावा आणि रडावं."

ग्रेडी त्याच्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"या खोलीत मी कधी खोटं बोललोय?"

"नाही बाबा, कधीच नाही." ग्रेडीनं टेबलावर थाप मारली. "संपलं. मेफील्ड नको."

"वाटोळं करा संघाचं!" रॅडिचनं सँडविच कचऱ्यात भिरकावलं. डॉक्टर बाहेर गेला.

बऱ्याच वेळानं प्रुइट रिकामा जग घेऊन परतला. "मशीन बंद पडलंय," म्हणाला.

बफेलोची पाळी आली. ग्रेडीनं टीव्हीचा आवाज वाढवला. मंचावरून ओरेगनच्या एका उंच पोराचं नाव पुकारलं गेलं. पडद्याच्या कडेला जेरिकोच्या आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ऑर्विलला वाईट वाटलं. मग हळूहळू श्वास सुटला. बफेलो नाही तर नाही. टोलेडोनंतर सॅक्रामेंटोची पाळी आहे, आणखी कितीतरी गावं आहेत. पोरगा सुटला होता.

ग्रेडीनं न्यूयॉर्कला नाव कळवायचा टेबलावरचा फोन उचलला, बोलायच्या टोकावर तळवा दाबला आणि ऑर्विलच्या कानाशी वाकला. हसू दाबता दाबता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आपला डॉक्टर आतलं सगळं बफेलोला पोचवतो, हे मला हिवाळ्यातच कळलं. तुला कुणी सांगितलं रे चोरा? ते जेरिकोलाच उचलणार होते!"

"ग्रेडी, ऐक, मी खरंच..."

"पुरे आता नाटक. माझासुद्धा क्षणभर विश्वास बसला होता." ग्रेडीनं त्याचा खांदा मायेनं दाबला आणि फोनवरचा तळवा काढला. "टोलेडो. जेरिको मेफील्ड."