शनिवारची खुर्ची

माझे पाय गेल्याला अकरा वर्षं झाली. आमचे हे शिंपी. सहा दिवस मशीनवर, मोकळे फक्त शब्बाथला, म्हणजे शनिवारी. आणि शब्बाथला घराबाहेर काही वाहून न्यायचं नाही, चाकाची खुर्चीसुद्धा ढकलायची नाही, असा आम्हा ज्यूंचा नियम. हे तर त्या दिवशी खिशात रुमालही ठेवत नाहीत. वस्तीला सगळीकडून कुंपण असलं तर मात्र अख्खी वस्ती एकच घर मानतात, मग चालतं. कुंपण म्हणून नुसती एक तार बांधू द्या म्हणत रब्बींनी नगरपालिकेत वीस वर्षं खेटे घातले, पण परवानगी मिळाली नाही. आता जर्मनांनी आम्हाला कोंडायला घेट्टोभोवती, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीभोवती, दोन पुरुष उंच भिंत बांधली. पहिल्याच शनिवारी ह्यांनी माझी खुर्ची दाराशी आणली. “चल हिंदे, त्सिर्लकडे जाऊ.” त्सिर्ल माझी धाकटी बहीण, चार गल्ल्या पलीकडे राहते. “अहो, चालेल का?” “रब्बींना विचारलंय. भिंत कोणी बांधली ते शास्त्र विचारत नाही. वीस वर्षं तार देईनात, आता फुकट विटा मिळाल्या.” त्सिर्लनं बटाट्याच्या सालींचा केक करून ठेवला होता, साखर नव्हती, तरी आम्ही बोटं चाटली. परतताना भिंतीच्या कडेनं आलो. वर लावलेल्या काचा उन्हात चमकत होत्या. मी म्हटलं, “ही एक दिवस पडेलच. मग शनिवारी मला कोण नेणार?” ह्यांनी खुर्ची खड्ड्यातून सावकाश काढली. “मीच. त्या दिवशी पाप करीन.”