पिशवीभर रक्त

"हृदयात लोह साठलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याची बायको जाऊन तास झाला नव्हता. तिच्या चपला पिशवीत घालून तो वॉर्डबाहेर उभा होता.

"लोह म्हणजे लोखंड?"

"तेच. अन्नातून येतं. लागेल तेवढंच शरीर ठेवून घेतं. यांचं शरीर साठवतच राहिलं. यकृतात, हृदयात, गळ्यातल्या ग्रंथीतसुद्धा. थायरॉईड त्यापायीच बिघडला असणार."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठे काय अडकलंय हे कळलं की ते काढायचं कसं, एवढंच त्याला सुचायचं.

"मग ते काढता येत नाही?"

"येतं. रक्त काढायचं. थोड्या थोड्या दिवसांनी एकेक पिशवी. नवं रक्त करायला शरीर साठलेलं लोह वापरतं. वेळेवर सुरू केलं तर माणूस म्हातारा होऊन मरतो."

त्याने चपलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ती रक्त द्यायची," तो म्हणाला. "कारखान्यात शिबिर लागलं की पहिला नंबर तिचा."

"मग थांबल्या का?"

"थायरॉईड निघाला. बहिणीने बंद करायला लावलं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "सख्खी बहीण? मग त्यांची तपासणी करून घ्या. लगेच. हे रक्ताच्या नात्यात उतरतं. त्यांना थकवा असतो का?"

बायकोची ही थोरली बहीण म्हणजे अक्का. तिच्याकडे थकव्यावाचून दुसरा विषयच नव्हता. थायरॉईडची गोळीही ती धाकटीच्या आधीपासून घेत होती.

बायको बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या, बुडबुडा असलेली उचलून बाजूला टाकायची. उभ्या उभ्या तिचा डोळा लागायचा. बरोबरच्या बायका तिला पेंगूबाई म्हणायच्या. पण रक्त देऊन आली की काही आठवडे तिच्यात वारं भरायचं. कपाटं भिंतीपासून ओढून मागचं झाडायची आणि त्याला म्हणायची, "तू नुसता पाय वर घे, बाकी मी बघते." गल्लीतल्या डॉक्टरने मात्र फक्त गोळी वाढवली. एकदा तपासणीत लोह जास्त निघालं तेव्हा तो हसला होता. "जास्त? बरंच आहे की. बायकांत कमी सापडतं. तुमची बायको नशीबवान."

सगळं आटोपल्यावर तो आधी त्या नशीबवानवाल्याकडे गेला. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर मुलाकडे गेलेत, पुढच्या महिन्यात येतील, असं शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. त्याने शटरवर एक लाथ घातली. राग जरासुद्धा उतरला नाही. तो तसाच घेऊन तो थोरलीकडे निघाला.

"आधीच अंगात जीव नाही, वर रक्त वाटत सुटलीयस," असं अक्काच म्हणाली होती. गळ्याची शपथ घातली होती. आज तिला तिच्याच तोंडावर सांगायचं, तुम्ही तिला मारलंत. जिना चढताना त्याने ते वाक्य पुटपुटून पाहिलं. जमत होतं.

अक्का हॉटेलांचे पडदे शिवायची. खोलीभर जाड कापडाचे तागे पडले होते. ती मशीनसमोर बसली होती, पण मशीन बंद होतं. तिने त्याला बसायला सांगितलं नाही.

"आलात? आता काय राहिलंय बघायचं?"

"अक्का, बोलायचंय."

"तुम्ही काय बोलणार, भाऊजी? राबवून मारलंत तिला. मी निदान त्या रक्त घेणाऱ्यांच्या तावडीतून सोडवली. नाहीतर केव्हाच गेली असती."

वाक्य जिभेवर आलं. तेवढ्यात तिने कात्री उचलायला हात पुढे केला आणि ती निसटली. बोटांची पेरं सुजली होती. हाताचा रंग करडा पडला होता. बायकोचा शेवटी शेवटी झाला होता, तस्साच.

"तपासणी करून घ्या," तो म्हणाला. "तिचा आजार बहिणीला असू शकतो."

"उपाय आहे त्याला?"

"आहे. सोपा आहे."

"मग तिला का नाही मिळाला?"

त्याने खाली पडलेली कात्री उचलली आणि मशीनवर ठेवली.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "मी लक्ष दिलं नाही."

"वाटलंच होतं मला." अक्का उठली. उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग ती जे बोलली ते शेजारच्या दोन खोल्यांत ऐकू गेलं. बैल म्हणाली, दगड म्हणाली, त्याच्या आईलाही सोडलं नाही. शेवटी दम लागला तेव्हा खुंटीवरची पर्स काढली.

"चला. कुठे करायची ती तपासणी? तुमच्यासारखी मी झोपा काढणार नाही."

रिक्षात ती त्याच्याकडे पाठ करून बसली. सुई टोचली तेव्हा रक्त घेणाऱ्या लॅबमधल्या मुलीला म्हणाली, "एवढंच घे ग. आमच्या घराण्यात रक्ताचा दुष्काळ आहे."

त्याने दात आवळले. राग गेला नव्हता. तो जाईल असंही त्याला वाटत नव्हतं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. अक्काचं लोह धाकटीपेक्षाही जास्त निघालं होतं, पण हृदय अजून शाबूत होतं. पहिली पिशवी सोमवारी काढायची.

"उपाय काय आहे ते मी समजावू का त्यांना?"

"नको," तो म्हणाला. "घरातलं आहे. मी सांगतो."

आज रविवार. अक्काला अजून सांगायचं राहिलं आहे.