उद्या टाकू

“आजोबा, माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तुम्ही कुठे होतात?” नातीने वही उघडली. आजोबा येरझाऱ्या घालू लागले. चंद्राचा विषय निघाला की त्यांना बसवत नसे. “वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होतो.” कपाटातून त्यांनी सुतळीने बांधलेले खिळे काढले. आजोबांशी भांडून घर सोडून गेलेल्या त्यांच्या धाकट्या भावासाठी तेव्हा जुळवलेली जाहिरात. पान जुळून छपाईला तयार झालं, तेवढ्यात चंद्राची बातमी आली. “जागा करा, हे उद्या टाकू,” साहेब म्हणाले. आजोबांनी स्वतःच भावाला पानाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही चंद्रच होता. तिसऱ्या दिवशी जागा होती, पण आजोबांचाच राग परत उफाळला. “मग आले ते?” “छापलंच नाही, तर वाचणार काय, कपाळ?” नातीने शाई फासून खिळे वहीवर दाबले. उलटी अक्षरं सुलट उमटली: ‘घरी ये. कुणी रागावणार नाही.’ आजोबा दाराची कडी काढून आले.